मोजमापाची उपकरणे आणि उद्यमनगरचे मेस्त्री

अमावास्येच्या निरभ्र रात्री पन्हाळगडावरून पाहणाऱ्यास आकाश सर्वथा काळे भासते. परंतु भूपृष्ठापासून सुमारे २५० किलोमीटर उंचीवर प्राणवायूचे अणू ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश आणि त्याच्या पुष्कळ खाली, शंभर किलोमीटरच्या थोड्या अलीकडे, ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश रात्रभर अखंड देत असतात. हा प्रकाश, ज्यास वायुदीप्ती म्हणतात, इतका क्षीण असतो की मनुष्याच्या नेत्रास त्याची दाद लागत नाही. मात्र तो नुसता प्रकाश नव्हे, तर त्या त्या उंचीवरील वाऱ्यांचे, तापमानाचे आणि विद्युत्भारित कणांचे वर्तमान सांगणारा दूत आहे. विषुववृत्तालगतच्या प्रदेशात सूर्यास्तानंतर आयनांबरामध्ये कणविरल बुडबुडे उठतात, तांबड्या प्रकाशाच्या चित्रात ते काळ्या पट्ट्यांच्या रूपाने बहुधा पूर्वेकडे सरकताना दिसतात, आणि त्यांच्यामुळे उपग्रहांवरून येणारे दिशादर्शक संदेश डळमळतात. म्हणून हा विषय केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा राहिलेला नाही.

अशा वर्तमानाची नोंद ठेवणारी वेधयंत्रे कोल्हापुरात आणि पन्हाळ्यावर आहेत, ही गोष्ट कोल्हापूरकरांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असावी, याचे मला मनःपूर्वक वाईट वाटते. शिवाजी विद्यापीठ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्था यांच्या सहकार्याने येथे वायुदीप्तीचे प्रकाशमापक चालले, पन्हाळ्यावर संपूर्ण आकाश एका चित्रात घेणारा कॅमेरा बसला, आणि १.९८ मेगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या रडारने साठ ते शंभर किलोमीटर उंचीवरील वारे मोजले. या वेधांवर आधारलेले निबंध जगभरच्या नियतकालिकांत छापून आले. येवढे सर्व झाल्यावर जो प्रश्न विचारावयास हवा, तो असा की, पुढची यंत्रे आपण घडविणार आहोत की केवळ विकत आणणार आहोत?

प्रकाशमापक म्हणजे काही अगम्य जिन्नस नव्हे. विशिष्ट रंगाचाच प्रकाश आत सोडणारी एक काचेची गाळणी त्यात असते; ती किंचित कलती केली म्हणजे आत येणारा रंग थोड्या कमी तरंगलांबीकडे सरकतो. म्हणून एकदा गाळणी सरळ ठेवून वायुदीप्ती आणि ताऱ्यांचा व गावाचा उजेड एकत्र मोजावयाचा, मग ती कलती करून नुसता तो पार्श्वभूमीचा उजेड मोजावयाचा, आणि दोहोंची वजाबाकी करावयाची, अशी ही हिकमत आहे. गाळणीमागील नलिकेत प्रकाशाच्या एका कणाने सोडविलेल्या एका इलेक्ट्रॉनाचे लक्षावधी इलेक्ट्रॉन होतात. परंतु ही नलिका स्वतःच्याच उष्णतेने खोटे ठोके देते, म्हणून तिला थंड ठेवावे लागते, तिला पुरविलेला उच्च विद्युत्‌दाब रेसभरही हलता कामा नये, आणि गाळणीचा कोन प्रत्येक फेरीत अंशाच्या अल्प भागापर्यंत तोच यावा लागतो. नलिका आणि गाळणी बाहेरून आणाव्या लागतील, हे मी मान्य करतो. पण कोन राखणारी यंत्रणा, दमट हवेस आत न येऊ देणारी पेटी, स्थिर विद्युत्पुरवठा आणि ठोके मोजणारे मंडल यांपैकी कोणती गोष्ट शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या आपल्या औद्योगिक वसाहतींच्या आवाक्याबाहेरची आहे? ज्या शहरात ओतीव कामाच्या भट्ट्या आणि लेथ पिढ्यान्‌पिढ्या चालत आहेत आणि जेथील यंत्रभाग मायक्रोमीटरच्या मापाने तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे जात नाहीत, त्या शहराने वेधयंत्रासाठी परदेशी सूचीपत्रे चाळीत बसावे, हे त्याच्या इभ्रतीस शोभणारे नाही.

आणि या शहरास भिंग आणि यांत्रिक गती यांचा मेळ घालण्याची परंपरा नाही, असे तरी कोण म्हणेल? बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास चलच्चित्राचा कॅमेरा येथेच तयार केला, आणि त्याच कॅमेऱ्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० मध्ये लोकांपुढे आणला. क्षणाक्षणाला फीत थांबवून, उघडून, पुढे सरकविणारी ती यंत्रणा अचूकपणाची जी अपेक्षा करते, ती प्रकाशमापकाच्या अपेक्षेहून जातीने निराळी नाही. हे काम चित्रकार आणि कारागीर यांच्या हातांनी केले. पदार्थविज्ञानाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती.

उपकरण विकत घेणारा मनुष्य ते बनविणाऱ्याने ज्याचा विचार केला होता तेवढेच पाहू शकतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. स्वतः घडविणारा मात्र आपल्या गरजेप्रमाणे रचना करू शकतो. नारायणगावाजवळ खोडद येथे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी केली, ती जड पत्र्याच्या परावर्तकांची नक्कल करून नव्हे, तर दोरखंडांवर ताणलेली तारेची जाळी वापरून. आपल्याकडील वारा, आपल्याकडील लोखंड आणि आपल्याकडील तुटपुंजी तरतूद यांचा विचार त्या रचनेत मुळापासून होता. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेने आदित्य-एल१ या यानासाठी सूर्याचे अतिनील चित्र घेणारी दुर्बीण तयार केली आणि ती २ सप्टेंबर २०२३ रोजी अवकाशात गेली. पुण्यास जे साधले, ते कोल्हापुरास आपल्या मापाने साधू नये असे काही नाही.

परंतु केवळ यंत्र असून भागत नाही, याचाही दाखला पुण्यानेच दिला आहे. खगोलशास्त्रज्ञ कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगर दरबारच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभारली, २० इंची दुर्बीण आणली, १८९८ च्या २२ जानेवारीचे खग्रास सूर्यग्रहण जेऊर येथे जाऊन वेधले. पण १९१२ साली ते निवृत्त होताच वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका व्यक्तीच्या निष्ठेवर उभे राहिलेले कार्य त्या व्यक्तीबरोबर मावळते. ते चालत राहावयाचे तर खात्याच्या दप्तरात उपकरणकारासाठी कायम जागा मंजूर असावी लागते. आमच्या विद्यापीठांत मात्र प्राध्यापकांच्या जागांची दरखास्त होते, यंत्रघडणी जाणणाऱ्या कुशल मेस्त्रीच्या जागेची होत नाही. झाली तरी ती सेवानिवृत्तीनंतर रिकामी राहते. निविदेचा शिरस्ताही येथे घात करतो, कारण जे यंत्र अजून कोणी बनविलेच नाही त्याचा सर्वांत कमी दर कोण सांगणार? आणि नवे उपकरण घडविण्यात तीन-चार वर्षे घालविणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यास पीएच.डी. देताना, निबंधांची संख्या मोजण्याऐवजी त्याचे उपकरण टेबलावर ठेवून तपासण्याची तजवीज हवी.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. विद्यापीठाच्या विज्ञान उपकरण केंद्राने उद्यमनगरातील दोन-तीन निवडक कारखान्यांशी निविदेविना, ठरावीक वर्षांचा करार करून वायुदीप्तीचा एक प्रकाशमापक येथेच बनवावा. कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेजवळ विजेच्या ट्राम धावणार म्हणून ती अलिबागेस हलविली गेली, तेव्हा १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी वेध समांतर चालू ठेवून जुन्या-नव्या नोंदींचा सांधा निर्दोष जुळविला गेला. नवे यंत्रही तसेच बाहेरून आणलेल्या यंत्राशेजारी दोन वर्षे, पावसाळे वगळून, चालवावे, आणि दोघांच्या नोंदींतील फरक, तो कितीही गैरसोयीचा असला तरी, छापून काढावा. वेधांत गावाचा उजेड मिसळू नये म्हणून पन्हाळा नगरपरिषदेने एवढ्या अवधीत गडावरील दिव्यांना वरच्या बाजूने झाकणे बसवावीत. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही, मंजुरीचा एक ठराव लागतो.