आकाशपाळण्याशेजारी बार हवा का?

सहकुटुंब जायच्या करमणूक उद्यानात मोठ्या माणसांना दारू मिळावी की नाही? वरवर बघितलं तर हा श्रीमंत देशातला प्रश्न वाटतो. आपल्याला काय त्याचं, असं म्हणून पान उलटावंसंही वाटेल. पण थांबा मैत्रिणींनो. आज कितीतरी जणींची मुलं-सुना अमेरिकेत आहेत. नातवाचं बोट धरून डिस्नेचा किल्ला बघून आलेल्या आज्या आपल्या भिशीत आहेत. शिवाय तिथलं वारं इथे यायला हल्ली फार वर्षं लागत नाहीत. म्हणून आधी तिथली गोष्ट समजून घेऊ.

वॉल्ट डिस्ने यांनी 1955 च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, तेव्हाच दारूला मज्जाव केला. दारू आली की दांडगट माणसं येतात आणि जागेची जत्रा होते, असं त्यांचं मत होतं. आई-वडील आणि मुलं मिळून खेळतील अशी जागा त्यांना हवी होती. पुढे 1967 मध्ये त्याच उद्यानात मोजक्या सभासदांसाठी एक खासगी क्लब निघाला आणि तिथे मात्र पेला भरला जाऊ लागला. म्हणजे बघा, नियम सगळ्यांना आणि सूट मोठ्यांना! हे काही आपल्याला नवीन नाही.

पॅरिसजवळचं डिस्ने उद्यान 1992 च्या एप्रिलमध्ये उघडलं. तिथेही दारूबंदीच होती. फ्रेंच लोक भडकले. त्यांच्याकडे जेवणाबरोबर वाइन म्हणजे आपल्याकडे जेवणाबरोबर ताक. पुढच्याच वर्षी, 1993 मध्ये, कंपनीला माघार घ्यावी लागली. फ्लोरिडातलं एपकॉट तर 1982 मध्ये सुरू झालं तेव्हापासूनच बिअर आणि वाइन देतं. तिथे अकरा देशांची दालनं आहेत. आता मोठ्या माणसांची टोळकी प्रत्येक दालनात एकेक पेला रिचवत जगप्रदक्षिणा करतात, त्याचा एक खेळच होऊन बसलाय. शेजारच्या मॅजिक किंगडममध्ये 1971 पासून बंदी होती. तिथे 2012 मध्ये एका उपाहारगृहात, फक्त रात्रीच्या जेवणासोबत, बिअर आणि वाइन सुरू झाली. मग हळूहळू बाकीच्या उपाहारगृहांत. आणि 2019 मध्ये वॉल्ट डिस्नेंच्या मूळ डिस्नेलँडमध्येही सर्वांसाठी पहिलं मद्यगृह उघडलं. अट अशी की, पेला हातात घेऊन बाहेर पडायचं नाही.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, दारू आली म्हणून ही उद्यानं ओस पडली नाहीत. लोक मुलाबाळांना घेऊन जातातच. तेव्हा 'दारू आली की सगळं बुडालं' हा युक्तिवाद टिकत नाही, हे कबूल करायला हवं. दुसरी गोष्ट, एकदा दार किलकिलं झालं की ते पुन्हा बंद होताना दिसत नाही. आधी जेवणासोबत, मग सगळ्या उपाहारगृहांत, मग स्वतंत्र मद्यगृह.

दार उघडतं ते कशासाठी? फाटकावर तिकीट एकदाच काढलं जातं. त्यापुढची कमाई खाण्यापिण्यावर आणि खेळण्यांवर असते. भेळ किंवा सरबत विकून जेवढं सुटतं, त्यापेक्षा पेल्यामागे कितीतरी जास्त सुटतं. पाहुण्यांची सोय हे कारण खरं असेलही, पण गल्ल्याचं कारण त्याहून खरं.

बाजूने बोलणारे म्हणतात, सज्ञान माणूस आहे, त्याचा पैसा, त्याची मर्जी. घरी किंवा हॉटेलात हे एक वेळ पटेल. पण मुलांना घेऊन आलेल्या घरातली मर्जी एकट्याची कशी असेल? त्यानं दोन पेले घेतले तर रांगेत लेकराचा हात कोण धरणार? पाण्याच्या घसरगुंडीखाली लक्ष ठेवून कोण उभं राहणार? संध्याकाळी गाडी कोण चालवणार? घरातल्या कुणाला तरी शुद्धीवर राहावंच लागतं. ती कोण, हे तुम्हाला मी सांगायला नको. मौज त्याची आणि राखण हिची. सुटीच्या दिवशीसुद्धा हिची सुटी नाहीच.

आता आपल्याकडे येऊ. आपली बहुतेक उद्यानं शहराबाहेर, महामार्गाला लागून आहेत. खोपोलीजवळच्या इमॅजिकाचंच बघा, पुण्याकडे परतायचं तर बोरघाट चढावा लागतो. दुसरं म्हणजे, आपल्या उद्यानांत नुसती कुटुंबं येत नाहीत. शाळांच्या सहली येतात, दोन बाई आणि पन्नास पोरं. महिला मंडळाच्या सहली येतात. लहान गावातल्या बाईला नवरा किंवा भाऊ बरोबर नसताना दिवसभर मोकळेपणी हसता-ओरडता येईल अशा जागा आहेतच किती? एरवी आपण परमिट रूमसमोरचा फूटपाथ टाळतो, रस्ता ओलांडून पलीकडून जातो. हायवेवर 'फॅमिली रेस्टॉरंट' अशी पाटी दिसली तरी आधी आत डोकावतो, फॅमिलीची बाजू वेगळी आहे ना म्हणून. ती वेगळी बाजू कुणी हौसेनं काढलेली नाही. बायका आत येत नव्हत्या म्हणून काढावी लागली.

जानेवारी 2022 मध्ये राज्य सरकारने मोठ्या किराणा दुकानांत, म्हणजे सुपरमार्केटमध्ये, वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं होतं, आठवतं ना? द्राक्ष बागायतदारांचं भलं होईल, असं सांगितलं गेलं. विरोध उठला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. जूनमध्ये सरकारच बदललं आणि तो निर्णय अमलात आला नाही. त्या वादातही खरा मुद्दा वाइन चांगली की वाईट, हा नव्हता. तूरडाळ आणि साबण घ्यायला जिथे आपण पोराला घेऊन जातो, तिथल्या फळीवर काय असावं, हा होता.

आपल्याकडे यावर एक छान रीत आहे, 'आडवी बाटली'. 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं, तर दारूचं दुकान बंद करावं लागतं. ज्यांना झळ बसते त्यांना विचारा, एवढं साधं तत्त्व आहे. पण करमणूक उद्यानाचं काय? तिथे येणारी माणसं पन्नास गावांची. त्यांची मतदार यादी कुठून आणणार? तिथे आपलं मत एकच, पर्समधून तिकिटासाठी निघणारे पैसे.

माझं म्हणणं सरळ आहे. पॅरिसला त्यांच्या रिवाजाप्रमाणे चालू दे. आपल्याकडे पाण्याचे खेळ, शाळेच्या सहली आणि परतीचा महामार्ग जिथे आहे, तिथे दारू नकोच. आणि मुक्कामाचं हॉटेल जोडून असेल, तर तिथलं तिथेच, जेवणाच्या टेबलावर आणि उद्यानाच्या फाटकाबाहेर. पेला घेऊन मुलांच्या गर्दीत फिरणं कधीच नको.

डिसेंबर आला की सहलीचे कागद घरोघरी येतील. सही करण्याआधी पालक सभेत एक प्रश्न विचारा, 'जिथे नेताय तिथे दारू मिळते का? मिळत असेल तर नेमकी कुठे?' बाई गोंधळतील, कुणी हसेलही. हसू दे. चार शाळांतून हाच प्रश्न गेला, की उद्यानवाल्यांच्या हिशेबाच्या वहीत आपलीही नोंद होईल.