विश्लेषण : कोलोनोस्कोपीआधीची तयारी मुळशीच्या रुग्णाला का अवघड जाते?

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकालीन आजारांचे रुग्ण भारतात वाढत आहेत. त्यांना कोलोनोस्कोपी एकदा करून भागत नाही. तपासणी नीट होणार की नाही, हे मात्र आधी आतडे किती स्वच्छ झाले यावर ठरते.

तयारी इतकी महत्त्वाची का?

अल्सरेटिव्ह कोलायटिस जुना झाला की कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण ८ वर्षांनी नियमित तपासणी सुरू करतात. कर्करोगापूर्वीचे बदल अनेकदा सपाट असतात. थोडा मळ राहिला तरी ते झाकले जातात.

औषध कोणते, कधी?

बहुतेकदा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात मिसळून देतात. अर्धे औषध आदल्या संध्याकाळी आणि उरलेले तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करायचे. ते किमान २ तास आधी संपले पाहिजे. सोडियम फॉस्फेट या रुग्णांत टाळतात. त्याने क्रोन्ससारखे बारीक व्रण उमटू शकतात, मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते.

अडचण कुठे येते?

हिंजवडी आणि ताम्हिणी एकाच तालुक्यात आहेत, पण पुण्यातील रुग्णालय ताम्हिणीकरांना बरेच लांब पडते. सकाळी १० ची वेळ मिळाली तर दुसरा भाग पहाटे ४ ते ६ च्या दरम्यान सुरू करावा लागतो. त्यानंतर जुलाब होत असताना एसटीत बसणार कसे? मग काही जण सगळे औषध रात्रीच संपवतात किंवा दुसरा भाग टाळतात. आतडे अस्वच्छ राहते आणि तपासणी पुन्हा करावी लागू शकते.

उपाय काय?

वेळ घेतानाच प्रवास किती आहे ते सांगून दुपारची वेळ मागावी किंवा आदल्या रात्री पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम करावा. मुळशी हा भाताचा तालुका. आधीच्या दिवसांत मऊ भात चालतो. नाचणीची भाकरी, पालेभाज्या आणि बिया बंद. कोकम सरबतही नको, त्याचा लाल रंग रक्तासारखा भासू शकतो.

कोणी थांबावे?

आजार तीव्र बळावला असेल, पोट फुगले असेल, उलट्या होत असतील किंवा आतडे अरुंद झाल्याचे आधी सांगितले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सुरू करू नये. नेहमीच्या गोळ्याही परस्पर बंद करू नयेत.