सर्वांत मोठी मूळ संख्या आणि घरगुती संगणकाची पीछेहाट

२१ ऑक्टोबर २०२४ रोजी आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या जाहीर झाली. दोनच्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून एक वजा केला की ही ४,१०,२४,३२० अंकी संख्या मिळते. अशी बातमी आली की तिची सांगड बँकांच्या सांकेतिकीकरणाशी घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरलेला बरा. २०४८ बिटांच्या आरएसए किल्लीस प्रत्येकी सुमारे तीनशे अंकांच्या दोनच मूळ संख्या लागतात आणि त्यांचे सारे बळ गुप्ततेत असते. जगजाहीर संख्येचे कुलूप तिजोरीला कोण लावील?

सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुळातील ही संख्या. या कुळात घातांक स्वतः मूळ असावाच लागतो. पण तेवढ्याने भागत नाही. ११ मूळ आहे, तरी २०४७ ही संख्या २३ आणि ८९ यांचा गुणाकार निघते. उलट प्रत्येक मर्सेन मूळ संख्या, युक्लिडने दाखवल्याप्रमाणे, एका परिपूर्ण संख्येला जन्म देते. ७ पासून २८ मिळते आणि १, २, ४, ७, १४ या तिच्या विभाजकांची बेरीजही २८ च येते. नव्या शोधातून निघालेली परिपूर्ण संख्या ८,२०,४८,६४० अंकांची आहे.

विक्रम याच कुळात होतात, कारण लुकास-लेमर ही सोपी कसोटी केवळ त्याच्यासाठी आहे. ३१ चे उदाहरण घ्या. ४ पासून आरंभ करून वर्ग करावा, २ वजा करावे, ३१ ने भागून बाकी ठेवावी: ४, १४, ८, ०. शेवटी शून्य आले, म्हणजे ३१ मूळ. नव्या संख्येसाठी हीच कृती तेरा कोटींहून अधिक वेळा करावी लागते. (कानपूर आयआयटीच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये दिलेली सर्वसाधारण कसोटी सिद्धांताच्या दृष्टीने थोर, इतक्या प्रचंड संख्यांपुढे मात्र ती फार संथ पडते.)

खरी बातमी शोधाच्या पद्धतीत आहे. जॉर्ज वॉल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या 'जिम्प्स' प्रकल्पात अठ्ठावीस वर्षे साध्या संगणकांवर स्वयंसेवकांना यश मिळत गेले. २०१८ चा २,४८,६२,०४८ अंकी विक्रमही तसाच. या वेळी एन्व्हिडियाचे माजी कर्मचारी ल्यूक ड्युरँट यांनी १७ देशांतील माहिती केंद्रांमधील ग्राफिक प्रोसेसर कामाला लावले. ११ ऑक्टोबरला डब्लिनमधील यंत्राने संख्या बहुधा मूळ असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील यंत्राने ते सिद्ध केले. प्रकल्प आजही सर्वांना खुला आहे. पण पूर्वी नशीब रात्रभर चालू ठेवलेल्या घरच्या संगणकावर उजाडे. आता ते तासाच्या भाड्याने मिळते, आणि भाडे परवडणारे थोडेच. ड्युरँट यांना बक्षीस ३,००० डॉलरचे होते, तेही त्यांनी अलाबामातील एका शाळेला दिले.

घरगुती संगणकाला अद्याप काम उरले आहे, ते फेरतपासणीचे. कोट्यवधी पायऱ्यांत एक बिट उलटला तरी उत्तर चुकते. लहान घातांकांची फेरतपासणी पूर्ण न झाल्याने नव्या संख्येला बावन्नावी म्हणता येत नाही, 'ज्ञात बावन्नावी' असेच म्हणावे लागते. मधली एखादी निसटली असल्यास ती कोणाच्या माळ्यावरच्या जुन्या यंत्रालाही सापडू शकेल.