तांडेल आजोबांची बैठक

मुलांनो, आधी एक गंमत करा. बसल्या जागी पाठीला पोक काढा, मान पुढे काढा आणि समोरच्या भिंतीकडे टक लावून पाहा. दोन मिनिटं. घड्याळ लावून बरं का! काय झालं? मानेत कळ आली ना? आता असंच रोज तीन-चार तास बसायचं, खालची जमीन सतत हलतेय, बाजूला इंजिन धडधडतंय, आणि समोरची नजर काही हलवायची नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा असेच बसत होते.

हे आजोबा शिवडीचे. छोट्या मासेमारी होडीचे तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, ज्याच्या हाती सुकाणू असतं तो. होडी जेमतेम पंचवीस-सव्वीस फुटांची. मागच्या बाजूला पानटपरीएवढी एक केबिन, तिच्यात सुकाणूचं चाक आणि समोर काचेची खिडकी. बसायला काय? मासळीचा प्लास्टिकचा क्रेट उपडा घालायचा, त्यावर गोणपाटाची घडी. झाली बैठक!

एक दिवस ही मुलगी मधल्या सुट्टीत डबा न उघडताच बसलेली. विचारलं तेव्हा म्हणाली, "बाई, आजोबांच्या पाठीत भरतं. डॉक्टर म्हणाले, होडी बंद करा. मग बाबा म्हणाले, होडी विकून टाकू." तिचे डोळे भरून आले होते. तिला होडी किती आवडते, हे तिच्या चित्रांच्या वहीत मी पाहिलेलं होतं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे पाठीचं काय ते डॉक्टरांनीच ठरवायचं. पण बसायच्या त्या क्रेटचं काहीतरी करता येईल, असं मला वाटलं. आजोबांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, "बाई, होडीत काय सोफा ठेवायचा?" पण या म्हणाले.

शिवडीची जेट्टी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. थंडीपासून मे महिन्यापर्यंत तिथल्या चिखलात रोहित पक्षी येतात, म्हणजे आपले फ्लेमिंगो. जवळूनच अटल सेतू सुरू होतो, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला, सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा. भरती-ओहोटीच्या वेळा रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकतात, हे तुम्हांला माहीत आहे का? म्हणून आम्ही वेळ शाळेच्या घड्याळावर नाही, तर आजोबांना विचारून ठरवली. ओहोटीला होडी चिखलात बसते. हलत नाही, मोजमापं घ्यायला बरी. पालकांची परवानगी घेतली, आणि एका वेळी दोनच मुलं होडीत, तीही लाइफ जॅकेट घालून. (आई-बाबांनो, ओहोटी असली तरी हा नियम आम्ही मोडला नाही.)

आम्ही आजोबांना नेहमीसारखं क्रेटवर बसवलं. आणि मग लक्षात आलं, दुखणं क्रेटच्या कडकपणात नव्हतंच! क्रेट बुटका होता. उपडा घातल्यावर एक फूट उंच. त्यावर बसलं की होडीची नाळ, म्हणजे पुढचं उंच टोक, नजरेच्या आड येई. मग आजोबा अर्धवट उठत. पण केबिनची उंची जेमतेम पाच फूट! डोकं छताला लागे, म्हणून मान पुढे आणि पाठ वाकलेली. ना धड बसणं, ना धड उभं राहणं.

मोठ्या ताईदादांसाठी इथे एक गणित. बसलेल्या आजोबांचे डोळे पाण्यापासून १.६ मीटर उंचीवर आहेत असं समजा. नाळेचं टोक पाण्यापासून १.२ मीटर उंच आणि डोळ्यांपासून ६ मीटर पुढे. समरूप त्रिकोण काढून पाहा. नाळेच्या पुढचं १८ मीटर पाणी आजोबांना दिसतच नाही! तेवढ्यात एखादी छोटी होडी आली, किंवा कुणाच्या जाळ्याचा तरंगता गोळा आला, तर? आता डोळे फक्त २० सेंटिमीटर वर न्या, म्हणजे जवळजवळ एक वीत. न दिसणारं पाणी १८ वरून १२ मीटरवर येतं. करून बघा, माझं उत्तर चुकलं असेल तर पत्र लिहा.

म्हणजे ठरलं, बैठक एक वीत उंच हवी. एका हुशार मुलाने लगेच सुचवलं, "एकावर एक दोन क्रेट ठेवू." आजोबांनी मान हलवली. दोन क्रेट म्हणजे लाट आली की मनोरा कोसळलाच. शिवाय होडीत माणूस फार उंच बसला की सगळा भार वर जातो आणि होडी जास्त डुलते. रिकाम्या बाटलीत तळाशी वाळू भरून पाण्यात उभी करून पाहा, मग बाटलीच्या तोंडावर मातीचा गोळा बसवून पाहा. कळेल.

होड्या दुरुस्त करणाऱ्या सुतारकाकांनी जुन्या फळ्यांची एक मजबूत पेटी करून दिली, दीड फूट उंच. वर झाकण, आत लाइफ जॅकेट ठेवायला जागा. साधे खिळे खाऱ्या हवेत लवकर गंजतात, म्हणून त्यांनी पितळी स्क्रू वापरले. पेटी होडीच्या तळाला ठोकायची नाही हे काकांनी आधीच बजावलं. होडीच्या लाकडात नको तिथे भोक पाडलं की तिथून पाणी मुरतं. म्हणून पेटीच्या खाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे ओल्यावर घसरत नाही, आणि दोन बाजूंनी दोरीने केबिनच्या खांबांना करकचून बांधली.

पण मुलांनो, एक अडचण सोडवली की दुसरी दार वाजवते. आजोबा उंच बसले आणि त्यांचे पाय लोंबायला लागले! तुम्ही मोठ्यांच्या खुर्चीवर बसता तेव्हा थोड्या वेळाने पायांना मुंग्या येतात ना? खुर्चीची कड मांडीच्या खालच्या बाजूला दाबते, तिथल्या शिरा आणि नसा दबतात, म्हणून. आणि होडीत तर पाय टेकलेले हवेतच. लाट आली की तांडेल पायांनीच स्वतःला रेटून धरतो. मग पेटीसमोर पाय टेकवायला एक आडवी फळी बसवली, तीन इंच उंच. पेटीची पुढची कड बोचू नये म्हणून एका मुलाने घरून बागेच्या पाइपचा तुकडा आणला. लांबीत चिरून कडेवर बसवला. अगदी चपखल! मला हे सुचलं नसतं.

आता गादी. इथे आम्ही सपशेल फसलो. कुणीतरी जुन्या सोफ्याचा जाड स्पंज आणला. वर गणपतीच्या मंडपाचा जुना फ्लेक्स गुंडाळला, पाणी लागू नये म्हणून. दिसायला झकास! आजोबा बसले आणि म्हणाले, "वा!" दहा मिनिटांनी म्हणाले, "लाकूडच लागतंय की." मऊ स्पंज वजनाखाली पार चपटा होतो, आणि मग तो असून नसल्यासारखा. त्यातून फ्लेक्स गुळगुळीत. होडी जरा कलली की आजोबांची घसरगुंडी! आणि शिवणीतून खारं पाणी आत गेलं ते गेलंच. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे खाऱ्या पाण्यात भिजलेला स्पंज नीट वाळतच नाही. आठवड्याने त्याला असा वास सुटला, की आजोबांची मांजरसुद्धा केबिनमध्ये जाईना.

तेव्हा वर्गात बादली मांडली. स्पंजचा एक तुकडा आणि तुटक्या हवाई चपलेच्या तळव्याचा एक तुकडा, दोन्ही पाण्यात बुडवून दाबले, सोडले. स्पंज पाणी पिऊन जड झाला. चपलेचा तुकडा टुणकन वर! दोघांतही हवेची छिद्रं आहेत. स्पंजची छिद्रं एकमेकांना जोडलेली, म्हणून पाणी आत शिरतं. चपलेतली छिद्रं म्हणजे बंद फुगे. लहान बाळांच्या खोलीत जोडून अंथरायच्या रंगीत चटया असतात ना, त्याही असल्याच. तशा जुन्या चटयांचे चार थर आम्ही दोऱ्याने बांधले. जाडी दोन इंच. दाबलं की थोडं दबतं, पण तळाला टेकत नाही. वर जुन्या सुती चादरीचा अभ्रा. घसरत नाही, आणि काढून धुता येतो.

पाठीसाठी आजोबांनीच युक्ती काढली. नायलॉनच्या फाटक्या जाळ्याची घट्ट गुंडाळी केली, ताडपत्रीत बांधली आणि केबिनच्या मागच्या फळीला कमरेच्या उंचीवर टांगली. पेटी त्या फळीला टेकवूनच ठेवली होती. आता कमरेच्या आतल्या बाकाला आधार मिळाला. जाळं कधीच फेकायचं नसतं, म्हणाले!

आणि आमची सगळ्यांत मोठी फजिती अजून सांगायचीच आहे. बैठक सपाट आहे का, हे आम्ही अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून पाहिलं होतं. बाटलीतलं पाणी एका बाजूला गेलं, म्हणून पेटीखाली पाचर मारली. पाणी मधोमध आलं, आम्ही टाळ्या पिटल्या. संध्याकाळी भरती आली, होडी तरंगली आणि बैठक दुसऱ्या बाजूला तिरकी! का बरं? सांगा पाहू. अहो, ओहोटीला होडी चिखलात एका अंगावर कललेली होती! आम्ही जमिनीशी सपाट केलं, होडीशी नाही. आजोबा पोट धरून हसले. "बाई, होडीत सगळं होडीवरून मोजायचं." पाचर काढली, काम झालं.

तुम्ही म्हणाल, एका बैठकीचं काय एवढं? पण सुकाणूशी किती वेळ बसायचं, हा प्रश्न भल्याभल्या दर्यावर्दींना पडलेला आहे. जोशुआ स्लोकम नावाचा खलाशी एप्रिल १८९५ मध्ये 'स्प्रे' नावाच्या शिडाच्या होडीतून निघाला आणि जून १८९८ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतला. अशी प्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. त्याची होडी अशी समतोल होती, की सुकाणू बांधून ठेवलं तरी ती सरळ चाले. हिंदी महासागरात २७०० मैलांचं अंतर त्याने २३ दिवसांत कापलं, त्यात सुकाणूशी बसला फार थोडा वेळ. बाकी वेळ पुस्तकं वाचत होता! आपले दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई'तून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. म्हादेई गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली. अशा होड्यांच्या मागे वाऱ्यावर फिरणारं एक पातं बसवतात, तेच सुकाणू सांभाळतं. तरीही समुद्र पाठीची परीक्षा घेतोच. २०१८ च्या शर्यतीत अभिलाष टॉमी यांची 'थुरिया' हिंदी महासागरातल्या वादळात सापडली. त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. आणि तेच २०२२-२३ च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि दुसरे आले!

शिवडीच्या खाडीत मात्र सुकाणू बांधून पुस्तक वाचता येत नाही. लाँच, बार्ज, दुसऱ्या होड्या, जाळी. तिथे तांडेलाची नजर हवीच.

मग आजोबांचं काय झालं? पाठ पूर्ण बरी झाली असं मी सांगणार नाही. डॉक्टरांनी बैठक फोटोत पाहिली आणि म्हणाले, ठीक आहे, पण सलग एका तासापेक्षा जास्त नाही, आणि मध्ये उठून उभं राहायचं. त्यामुळे आता चाकाशी आळीपाळीने आजोबा आणि मुलीचे काका असतात. काका उंच आहेत, त्यांचं डोकं छताला लागतं. त्यांच्यासाठी चटईचे दोन थर काढून ठेवावे लागतात. विक्रीची गोष्ट तूर्त मागे पडली आहे. "पुढच्या पावसाळ्यात बघू," असं बाबा म्हणतात.

परवा होडी जेट्टीला लागली तेव्हा ती मुलगी हळूच त्या पेटीवर जाऊन बसली. चाकावर हात ठेवले. खिडकीतून नाळेच्या पुढचं पाणी दिसतंय का, ते मान उंचावून पाहिलं. मग खाली पाहिलं. तिचे पाय फळीपर्यंत पोचतच नव्हते.

"आजोबा, इथे आणखी एक फळी लागेल," ती म्हणाली. आजोबांनी कानामागची पेन्सिल काढली आणि तिच्या टाचेपाशी पेटीवर खूण केली.