जॅकखालची माती

गेल्या जुलैत यावल तालुक्यातल्या एका केळीच्या बागेशेजारी जळालेला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे डीपी, उतरवायला ट्रकवरची क्रेन आली होती. 100 केव्हीएचा डबा, वजन साधारण अर्धा टन. क्रेनला ते काहीच नव्हते. बूम डीपीकडे फिरला, हूकवर भार आला आणि गाडीला त्या बाजूने आधार देणाऱ्या जॅकचे ताट काळ्या मातीत चार बोटे रुतले. ऑपरेटरने तिथेच थांबून माल हळूच टेकवला, जॅकखाली जाड लाकडी फळ्या घातल्या आणि मग पुन्हा हूक लावला. मी बांधावर उभा होतो. गाडीवर जॅकखाली घालायची एकही प्लेट नव्हती. फळ्या शेतकऱ्याच्या गोठ्यातून आणल्या होत्या.

आपल्याला पहिला प्रश्न पडतो तो 'क्रेन किती टनाची?' विचारायला हवे ते किती मीटरवर किती टन. 3 मीटरवर 3 टन उचलणारी क्रेन 9 मीटरवर पुरता 1 टनही उचलत नाही, कारण लांबलेला बूमही आपल्या वजनाने गाडीला त्याच बाजूला ओढतो. लोड चार्ट केबिनमध्ये असतो तो यासाठीच.

इंजिनची ताकद पंपाला देणारा पीटीओ लावला की गिअरबॉक्सवरून पंप फिरतो, तेलाला दाब मिळतो, सिलिंडर बूम उचलतो. होज फुटलाच, तर सिलिंडरवरचा लॉक व्हॉल्व्ह तेल अडवून बूम जागेवर धरतो. यंत्राची एवढी काळजी बनवणाऱ्याने घेतली आहे. जमिनीची आपण घ्यायची.

समजा एका जॅकवर 10 टन आले. ताट 30 सेंटिमीटर लांब-रुंद असेल, तर मातीच्या दर चौरस सेंटिमीटरवर 11 किलो भार पडतो. तेच ताट 1 मीटर लांब-रुंद, न वाकणाऱ्या प्लेटवर टेकवा. भार 1 किलोवर येतो. तापीकाठची भिजलेली काळी माती तेवढाही सहज पेलत नाही. वरून सुकलेली दिसते, आत लोणी असते. ठिबकच्या पाइपलाइनची नुकती बुजवलेली चारी आणि विहिरीचा काठ तर त्याहून वाईट. तिथे जॅक टेकवूच नये.

साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. पवनचक्की उभारण्याच्या कामात मोठ्या क्रेनसाठी आधी मुरूम टाकून, रोलर फिरवून जागा पक्की करतात. अर्ध्या टनाच्या डीपीसाठी तेवढे कोणी करणार नाही, हे मान्य. पण कलंडायला क्रेन मोठीच असावी लागते असे नाही, आणि प्लेटा गाडीवर ठेवायला मुरूम लागत नाही, रोलरही लागत नाही.

क्रेनमालकांना विनंती आहे: पाऊस सुरू होण्याआधी प्रत्येक गाडीवर चार प्लेटा चढवा. आणि 'जमीन ओली आहे, काम उद्या करू' असे सांगणाऱ्या ऑपरेटरची त्या दिवसाची हजेरी कापू नका.