अनुक्रमांकासाठी उपसलेले ट्रान्ससीव्हर

राउटर आणि ओएलटीमध्ये (फायबर-जाळ्याच्या मुख्य टोकाच्या उपकरणात) बसवलेल्या प्रत्येक ट्रान्ससीव्हरचा अनुक्रमांक स्पष्ट वाचता येईल असे, स्थळ आणि वेळ उमटलेले छायाचित्र जोडल्याखेरीज मालमत्ता पडताळणी पूर्ण धरली जाणार नाही आणि तोवर देयकही पुढे सरकणार नाही, या तोंडी सूचनेविरुद्ध हिंगोली जिल्ह्यातील वाचकांनी प्रस्तुत मासिकाकडे तक्रारी केल्या आहेत. ट्रान्ससीव्हर, म्हणजे विजेच्या संकेताचे प्रकाशात आणि प्रकाशाचे पुन्हा विजेत रूपांतर करणारा तो बोटाएवढा सुटा भाग, ज्याला या व्यवसायात सर्रास एसएफपी म्हटले जाते, खाचेत सरकवला की त्याच्या अंगावरची अनुक्रमांकाची पट्टी आत झाकली जाते. म्हणून छायाचित्र हवे असेल तर चालू जोडणी तोडावी, फायबर काढावा, ट्रान्ससीव्हर उपसावा, उघड्यावर धरून त्याचा फोटो घ्यावा आणि तो परत बसवावा, असा या सूचनेचा सरळ अर्थ होतो. ती निघाली आहे तीही नेमकी अशा दिवसांत, की जेव्हा गावोगाव हळद शिजवून, वाळवून पॉलिशच्या पिंपात फिरवली जात आहे आणि तिची पिवळी भुकटी दारे-खिडक्यांच्या फटींतून प्रत्येक खोलीत शिरत आहे.

नोंद ठेवण्याला कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. दूरसंचार जाळ्यातील उपकरणे विश्वसनीय स्रोतांकडूनच यावीत, हा राष्ट्रीय सुरक्षा निर्देश १५ जून २०२१ पासून लागू आहे, आणि कोणते उपकरण कोठे बसले आहे याची नोंद असल्याशिवाय असा निर्देश पाळलाच जाऊ शकत नाही. आक्षेप आहे तो नोंद घेण्याच्या रीतीला. ट्रान्ससीव्हरच्या आत एक छोटी स्मृती-चिप असते. तीत उत्पादकाचे नाव, नमुना, तरंगलांबी आणि अनुक्रमांक कारखान्यातच लिहिलेले असतात, आणि राउटरला एक आज्ञा दिली की ही सर्व माहिती बसल्या जागी पडद्यावर येते. ज्या ट्रान्ससीव्हरमध्ये निदानाची सोय असते, त्यांच्याकडून याच मार्गाने तापमान, विद्युतदाब, लेझरला मिळणारा प्रवाह, बाहेर पडणारा प्रकाश आणि आत येणारा प्रकाश, अशी पाच वाचनेही मिळतात. छायाचित्रावरून एवढेच कळते की अमुक क्रमांकाची वस्तू एका क्षणी कोणाच्या तरी हातात होती. ती त्या राउटरच्या त्या खाचेत बसलेली आहे आणि तिच्यातून प्रकाश वाहतो आहे, हे आज्ञेच्या उत्तरातूनच सिद्ध होते. अधिक भक्कम पुरावा फुकट मिळत असताना दुबळ्या पुराव्यासाठी जाळे उघडायला लावणारा अधिकारी एकतर उपकरणाची माहितीपुस्तिका न वाचलेला असतो, किंवा त्याच्या तक्त्यात छायाचित्राचा रकाना आहे आणि वाचनांचा नाही, एवढ्यासाठीच तो अडून बसलेला असतो. दोन्ही कारणे अक्षम्य आहेत.

उपसण्याने नेमके काय बिघडते, हे सूचना देणाऱ्या कार्यालयात बसून कळत नसेल तर ते येथे सविस्तर मांडणे आवश्यक आहे. एकल-मार्गी फायबरचा गाभा, म्हणजे ज्यातून प्रकाश प्रत्यक्ष जातो तो मधला भाग, जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो, आणि भोवतालच्या काचेसह त्याची जाडी १२५ मायक्रॉन भरते. हळदीच्या भुकटीचा एकच कण हा गाभा पूर्ण झाकू शकतो. कनेक्टर काढून परत बसवताना फेरूलच्या, म्हणजे फायबर मधोमध धरून ठेवणाऱ्या सिरॅमिकच्या नळीच्या, तोंडावर बसलेला कण दोन तोंडांच्या मध्ये दाबला जातो, काचेवर ओरखडा उठतो, आणि मग कितीही पुसले तरी गेलेले डीबी परत येत नाहीत. पॅचकॉर्ड बदलता येते. पण तोच कण ट्रान्ससीव्हरच्या तोंडात, एलसी कनेक्टरच्या १.२५ मिलिमीटरच्या भोकाच्या तळाशी, ढकलला गेला असेल तर तो काढण्यासाठी त्याच मापाचा क्लीनर लागतो, आणि तो गावात फिरणाऱ्या फारच थोड्या तंत्रज्ञांच्या पिशवीत सापडतो. हळदीची आणखी एक अडचण अशी की तिला रंग देणारे कुर्क्युमिन अल्कोहोलमध्ये विरघळते. अल्कोहोलने ओल्या केलेल्या कापडाने तोंड पुसून ते लगेच कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसले नाही, तर डाग जाण्याऐवजी काचेवर पसरतो. आधी ओले आणि लगेच कोरडे, हा क्रम इतर जिल्ह्यांत चांगली सवय म्हणून सांगितला जात असेल. याच जिल्ह्यातील वसमतच्या हळद-पट्ट्यात त्याला पर्याय नाही.

धुळीइतकाच मोठा धोका स्थिर विजेचा आहे. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत कृत्रिम धाग्याचे कपडे घातलेल्या माणसाच्या अंगावर जो भार साठतो, तो बोटातून निसटताना त्याला जाणवतही नाही, पण ट्रान्ससीव्हरमधील लेझर डायोडला तो पुरेसा घातक ठरतो. हा भाग तेथल्या तेथे मरतोच असे नाही. तो अशक्त होऊन काही आठवडे चालतो आणि मग कोणतेही कारण न दाखवता बंद पडतो, त्यामुळे दोष पडताळणीवर न जाता देखभाल करणाऱ्याच्या माथी येतो. मनगटाला पट्टा बांधून तो राउटरच्या अर्थिंग केलेल्या धातूच्या पेटीला जोडणे हा यावरचा उपाय आहे, परंतु त्यासाठी मुळात अर्थिंग जिवंत असावे लागते. अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळाभर कोरडा पडलेला असेल तर त्या पट्ट्याचा भरवसा धरता येत नाही. नवीन राउटर जोडतानाही म्हणूनच आधी अर्थिंग, मग ट्रान्ससीव्हर, त्यानंतर तपासून पुसलेला फायबर आणि शेवटी वीज, हा क्रम मोडू नये. ट्रान्ससीव्हर चालू राउटरमधूनही काढता येतो हे खरे, परंतु वारंवार काढघाल केल्याने त्याचे आयुष्य घटते आणि अत्यावश्यक असल्याशिवाय त्याला हात लावू नये, असे उत्पादकांच्या पुस्तिकांतच लिहिलेले असते.

घाईत एकाच वेळी चार-पाच ट्रान्ससीव्हर टेबलावर काढून ठेवले की ते आपापसात बदलण्याची भीतीही असते, कारण बाहेरून ते सारखेच दिसतात. १० गिगाबिटचा १० किलोमीटर पल्ल्याचा आणि ८० किलोमीटर पल्ल्याचा ट्रान्ससीव्हर यांत फरक असतो तो पट्टीवरच्या दोन अक्षरांचा. मात्र ८० किलोमीटरवाल्याचा प्रकाश ० ते ४ डीबीएम इतका तीव्र असतो आणि त्याचा ग्राहक-भाग, म्हणजे येणारा प्रकाश झेलणारा भाग, उणे ७ डीबीएमपेक्षा अधिक प्रकाश सहन करू शकत नाही. असे दोन नग मध्ये क्षीणक, म्हणजे प्रकाश मुद्दाम कमी करणारा तुकडा, न घालता आखूड पॅचकॉर्डने समोरासमोर जोडले गेले तर ग्राहक-भाग कायमचा निकामी होऊ शकतो.

आता डोळ्यांविषयी. राउटरमध्ये बसणारे बहुतेक ट्रान्ससीव्हर लेझर-सुरक्षेच्या पहिल्या वर्गात, म्हणजे नेहमीच्या वापरात निर्धोक समजल्या जाणाऱ्या वर्गात मोडतात, आणि त्यामुळेच या व्यवसायात एक बेफिकिरी रुजली आहे. परंतु केबल व्यावसायिकाच्या खोलीत त्याच रॅकवर दूरचित्रवाणीच्या संकेतासाठी १५५० नॅनोमीटरचा प्रकाश वाढवणारा ईडीएफए बसलेला असतो. त्याच्या एका तोंडातून २० डीबीएम, म्हणजे १०० मिलिवॅट, किंवा त्याहूनही अधिक प्रकाश बाहेर पडू शकतो, तर या तरंगलांबीला पहिल्या वर्गाची मर्यादा साधारण १० मिलिवॅटची आहे. कनेक्टर दोन्हीकडे सारखाच असतो, आणि प्रकाश डोळ्यांना दिसत नसल्यामुळे पापणीही मिटत नाही. फोटोसाठी मोबाईल जवळ नेताना माणसाचा चेहराही या उघड्या तोंडांसमोर वीतभर अंतरावर येतो. मोबाईलच्या कॅमेऱ्यात ठिपका दिसला नाही म्हणजे प्रकाश नाही, ही समजूत तर पूर्णपणे चुकीची आहे: कॅमेऱ्याची सिलिकॉनची चकती सुमारे ११०० नॅनोमीटरच्या पुढचे काहीच पाहू शकत नाही, म्हणून १३१०, १४९० किंवा १५५० नॅनोमीटरचा प्रकाश पूर्ण जोराने येत असतानाही पडदा काळाच राहतो. प्रकाश आहे की नाही हे पॉवर मीटरने ठरवावे, आणि फेरूलचे तोंड पडद्यावर दाखवणाऱ्या कॅमेरा-सूक्ष्मदर्शकाने पाहावे. चालू फायबरला साधे भिंग लावणे म्हणजे तो प्रकाश एकवटून डोळ्यात घेणे होय. याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाची २६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळालेला लायगो-इंडिया प्रकल्प उभा राहायचा आहे. चार-चार किलोमीटरच्या त्याच्या दोन भुजांतून जाणारा १०६४ नॅनोमीटरचा लेझरही अदृश्यच असतो, आणि तेथे धूळ व डोळे या दोन्हींबाबत जी शिस्त सक्तीची असेल, तिचा दहावा हिस्सा तरी शेजारच्या गावातील फायबरच्या पेटीजवळ दिसावा ही अपेक्षा अवाजवी नाही.

हा प्रश्न आज काही रॅकपुरता वाटत असला तरी उद्या तो गावोगावी जाणार आहे. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेत आरंभी तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी आणि ग्रामपंचायतीत ओएनटी, म्हणजे गावाच्या टोकाचे उपकरण, अशी जीपॉनची झाडासारखी रचना होती. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमाला मंजुरी मिळाली. त्यात वलयाकार जाळे, तालुक्यात आणि ग्रामपंचायतीतही राउटर, आणि दहा वर्षांची देखभाल अपेक्षित आहे. वलयात प्रत्येक राउटरला दोन दिशा असतात, म्हणून किमान दोन ट्रान्ससीव्हरही येतात. एका बाजूचा ट्रान्ससीव्हर उपसला की वाहतूक दुसऱ्या बाजूने वळते, गावात कोणालाच काही जाणवत नाही, आणि परत बसवलेल्या बाजूला धूळ शिरून जोडणी अशक्त झाली तरी तक्रार येत नाही. ती येते पुढे केव्हातरी रस्त्याच्या कामावरील जेसीबी दुसरी बाजू तोडते तेव्हा. त्या दिवशी सारा भार या अशक्त बाजूवर येतो, ती तो पेलत नाही, आणि वलय असूनही गाव अंधारात जाते. म्हणून ‘फोटो काढले, कोणाचीही तक्रार नाही’ हे उत्तर वलयाकार जाळ्यात निरर्थक आहे. देशात सुमारे २ लाख १४ हजार ग्रामपंचायती ‘सेवेस सज्ज’ असल्याचे सरकारी आकडे सांगतात; पण सज्ज असणे आणि सेवा चालू असणे यांतील अंतर या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि पडताळणीची अशी रीत ते अंतर वाढवणारी आहे.

दोष एकट्या कार्यालयाचा नाही, हेही स्पष्टपणे लिहिले पाहिजे. धूळ-टोप्या पहिल्याच दिवशी फेकून देणारे, फेरूलवर फुंकर मारून किंवा ते सदऱ्याच्या टोकाला पुसून बसवणारे, तिरकस घासलेले हिरवे एपीसी कनेक्टर सरळ घासलेल्या निळ्या यूपीसीत दाबून ‘लाइट आली’ म्हणणारे याच मासिकाचे वाचक आहेत. फुंकरीतला ओलावा काचेवर थर सोडतो, हे याच पानांतून वारंवार सांगूनही ही सवय सुटलेली नाही. शिवाय स्प्लायसिंगचे पैसे प्रति जॉइंट ठरवून घेताना सफाई आणि तोंड-तपासणी यांचा वेगळा दर मागण्याचे धैर्य किती जणांनी दाखवले? दरपत्रकात ज्या कामाला ओळ नाही ते काम होत नाही, आणि ती ओळ मागून घेतल्याखेरीज कोणी घालून देणार नाही.

तेव्हा सर्व वाचकांना आवाहन आहे की लेखी आदेश आणि जोडणी बंद ठेवण्याची लेखी परवानगी हाती आल्याशिवाय कोणीही चालू ट्रान्ससीव्हर उपसू नये. अनुक्रमांक मागितला गेल्यास आज्ञेचे उत्तर, त्यावरील तारीख, वेळ आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रकाशाच्या वाचनांसह, छापून द्यावे आणि पोच घ्यावी. ज्यांना यापूर्वीच उपसावे लागले आहे, त्यांनी राउटरच्या नोंदींतून आधीचे आणि नंतरचे वाचन काढून, गावाचे व तालुक्याचे नाव लिहून, महिनाअखेरीपर्यंत मासिकाच्या पत्त्यावर पाठवावे. आलेली सर्व वाचने, पाठवणाऱ्याचे नाव न देता, पुढील अंकात छापली जातील आणि त्याच अंकाची प्रत निवेदनासोबत जिल्हाधिकारी कार्यालयात दिली जाईल.