तुळईचा साइडबोर्ड

यंदा शाळेची सहल राळेगणसिद्धीला नेली होती. नगर-पुणे रस्त्यावर वाडेगव्हाणच्या फाट्याला वळलं की थोड्याच वेळात गाव येतं. पाझर तलाव, नालाबांध पाहून झाले आणि मुलं यादवबाबांच्या देवळाजवळ डबे उघडून बसली. तेव्हा आम्ही त्यांना गावाची गोष्ट सांगितली. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून परतले, त्या वेळी गावात दारूच्या भट्ट्या होत्या आणि याच देवळाचं लाकूड काढून लोकांनी त्या भट्ट्यांखाली जाळलं होतं. अण्णांनी फंडाचे पैसे घालून देऊळ दुरुस्त केलं. पुढे गावाने नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान अशी पंचसूत्री पाळली.

सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, कुऱ्हाडबंदी असेल तर घरातलं कपाट कशाचं करायचं?"

आम्ही काहीतरी उत्तर दिलं, पण मनातून ओशाळलो. कारण आदल्याच आठवड्यात आमच्या पाडलेल्या जुन्या घराच्या तुळया एका बेकरीवाल्याने भट्टीसाठी मागितल्या होत्या आणि आम्ही जवळजवळ हो म्हटलं होतं. दुसरीकडे, अम्मींची चिनीमातीची भांडी जमिनीवर खोक्यांत पडून होती, म्हणून दुकानात साइडबोर्डची किंमत विचारून आलो होतो. तो होता भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचा. एकदा पाणी मुरलं की फुगणार आणि स्क्रू सोडणार.

घरी येऊन बेकरीवाल्याला नाही म्हणून सांगितलं. मग आपांना फोन केला. घर अब्बांचं, तेव्हा त्या लाकडात त्यांचाही हिस्सा होता. जमिनीच्या वेळी आपण बहिणींना विचारतो (निदान विचारायला हवं), पण मोडक्या लाकडाच्या वेळी कुणाच्या लक्षातही येत नाही. आपा हसल्या. म्हणाल्या, "एक तुळई माझी ठेवा. काय करायचं ते मी सांगेन."

दोन तुळया होत्या, सागाच्या, नऊ-नऊ फुटी. सागात मुळातच तेल असतं, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. तरी भिंतीच्या मातीत गाडलेली टोकं ओलीने कुजली होती. आम्ही टोच्याने टोचून पाहिलं आणि आमच्या तुळईची जिथपर्यंत टोच्या आत गेला तिथपर्यंतची टोकं कापून टाकली. खिळ्यांचा प्रश्न मोठा होता. एक खिळा राहिला तरी वखारीतल्या यंत्राचं पातं जातं. धाकट्याने जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून तुळईवरून फिरवलं आणि जिथे चिकटलं तिथे खडूने फुली मारली. एकोणीस फुल्या निघाल्या. फळ्या कापून आणल्यावर मध्ये पट्ट्या देऊन तीन आठवडे सावलीत रचून ठेवल्या.

माप मात्र दुकानातलं घेतलं नाही. दुकानातला साइडबोर्ड जेवणाच्या टेबलाशेजारी उभं राहून वापरायचा असतो. आमच्याकडे दस्तरखान जमिनीवर पसरतात. बसल्याबसल्या हात पोहोचावा म्हणून उंची अठ्ठावीस इंच ठेवली, ड्रॉवर वर न घेता खाली घेतले. लांबी पाच फूट, खोली अठरा इंच.

इथेच आमचं चुकलं. ईदला लागणारं मोठं तबक बरोबर अठरा इंचांचं आहे. आम्ही बाहेरचं माप धरलं. मागची फळी आणि दाराची जाडी विसरलो. दार लागेना. वर्गात मुलांना पाटीच्या कडा मोजायला शिकवणाऱ्या माणसाची ही तऱ्हा! शेवटी अम्मींनीच सुचवलं, तबक उभं ठेवा. डाव्या बाजूला एक अरुंद उभा खण काढला. आता तबक आणि दोन पराती त्यात उभ्या राहतात.

जोडकाम शेजारच्या सुतारकाकांनी शिकवलं आणि मजुरी घेऊनच शिकवलं. ते योग्यच होतं. पाय आणि आडवे दांडे खिळ्यांनी न ठोकता, भोकात कुसू बसवून जोडले. दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल ठेवली, तिला फेविकॉल लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं. जागा मिळाली नाही तर चौकट उघडते किंवा फळी तडकते. वरची फळीही लांबट भोकांतून स्क्रू घालून बसवली, ती याच कारणाने. पॉलिशऐवजी जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. पहिल्या हातालाच सागाचा रंग असा वर आला की अम्मी खुर्ची ओढून समोर बसून राहिल्या.

दारावर एका फुलीच्या जागी खिळ्याचं काळं भोक राहिलं आहे. लांबी भरून ते बुजवता आलं असतं, पण धाकट्याने भरू दिलं नाही.

दुसरी तुळई जिन्याखाली आहे. आपा मेच्या सुट्टीत येतील तेव्हा माप देणार आहेत. नातीसाठी पाळणा की आणखी काही, ते अजून त्यांनी सांगितलेलं नाही.